गरम आहे, चला!

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. माळ्यावरच्या रिकाम्या बरण्यांसारखे ते आपोआप साठतात. लागेल कधीतरी म्हणून एकेक ठेवायची, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही! घेतलेल्या गाडीचे किस्से सगळ्यांकडेच असतात. न घेतलेल्या गाडीचे सहा वर्षं पुरतील एवढे किस्से मात्र फक्त आमच्या घरात आहेत.

आधी माणसं सांगते, म्हणजे नंतर घोटाळा नको. आमचे हे, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. नोकरीत एकही फाईल घाईने पुढे ढकलली नाही याचा त्यांना अजून अभिमान आहे. दुसरे मोहिते भावजी. कारखान्यात इंजिनं जोडण्यात जन्म गेला, म्हणून डिझेलचे कट्टर भक्त. तिसरे दामले भावजी. शाळेत फिजिक्स शिकवायचे आणि पेट्रोलची वकिली करायचे. चौथी वरच्या मजल्यावरची तन्मयी, आयटीतली. दर रविवारी सकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या गॅलरीत ही मंडळी जमतात आणि मी पोहे करते.

आता घोडं कुठं अडलं ते सांगते. माझं माहेर पानशेतच्या पलीकडे, डोंगरात. खालच्या गावापर्यंत डांबरी आहे. तिथून वर आमच्या वाडीपर्यंत चार किलोमीटर नुसती दगडामातीची चढण. वर घरात माझा थोरला भाऊ एकटा राहतो, दादा. वय एकोणऐंशी. लग्नानंतर चाळीस वर्षं ती वाट मी चढले, हातात पिशवी, कडेवर पोर. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बजावलं, "चढ-उतार बंद, मोटारसायकलवर बसणं बंद."

टॅक्सीवाले खालच्या गावातूनच मान हलवतात, "मॅडम, चेंबर फुटेल." दादा फोनवर म्हणाला, "चार गडी लावतो, डोलीत बसून ये." मी म्हटलं, "नवरी होते तेव्हा चालत उतरले, आता म्हातारपणी डोली?" आणि तो इकडे यावा, तर त्याची म्हैस! "म्हसराला कोन बगंल?"

तर मला माहेरी जायचं होतं. एवढंच! त्यासाठी एक जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांच्या ताकदीने चढणारी गाडी, घ्यायचं ठरलं. आणि जे ठरलं ते तिथंच थांबलं.

* * *

पहिल्याच रविवारी मोहिते म्हणाले, "डिझेल. चढाला ताकद लागते. प्रश्नच मिटला."

दामले म्हणाले, "हो, शेजाऱ्यांना रोज पहाटे उठवायचं कंत्राट घेतलं असेल तर डिझेलच घ्या."

"आणि पेट्रोल घेतलीत तर बिऱ्हाड पंपावरच हलवा!"

"वर्षातून चार वेळा चालणार गाडी. डिझेल उभं राहून राहून आजारी पडतं, मोहिते."

"माणूसही पडतो. म्हणून माणसं बाळगायची नाहीत का?"

आमच्या ह्यांचं कसं, शेवटी जो बोलेल त्याचं पटतं. पोहे वाढेपर्यंत हे डिझेलचे होते, चहा येईपर्यंत पेट्रोलचे झाले. पुढच्या रविवारी दामल्यांना सर्दी होती म्हणून आठवडाभर पुन्हा डिझेल! मी म्हटलं, "अहो, दोघांपैकी एकाला कायमची सर्दी करून द्या, म्हणजे आपली गाडी येईल."

* * *

मोहित्यांचा एक नियम होता. जुनी गाडी बघायला गेलं की कागद नंतर, रंग नंतर, आधी बॉनेटवर तळहात. इंजिन थंड असताना गाडी कशी सुरू होते त्यातच तिचं सगळं खरं दुखणं कळतं, विशेषतः डिझेलचं. म्हणून लबाड विकणारा आपण यायच्या आधी गुपचूप गाडी तापवून ठेवतो. बॉनेट गरम लागलं की समजायचं, काहीतरी लपवतोय. मग एक शब्द जास्त बोलायचा नाही.

हे त्या नियमाच्या इतके प्रेमात पडले की विचारू नका. ताप बघणाऱ्या डॉक्टरासारखा चेहरा करून बॉनेटवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गरम आहे." मागून मोहिते म्हणायचे, "चला!" की सगळी वरात परत.

धायरीला एका बिल्डिंगमध्ये गेलो होतो. विकणारा म्हणाला, "काका, दोन दिवस हात नाही लावलेला गाडीला."

ह्यांनी हात ठेवला. "गरम आहे."

तो गडबडला. "उन्हात उभी होती ना!"

दामल्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या बेसमेंटला ऊन छान येतं हो!"

"चला!"

* * *

आमच्याच भागात एका निवृत्त प्राचार्यांची गाडी विकायची होती. आम्ही चौघे गेलो. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, अर्धा अर्धा पेला.

"पेट्रोल हवीय की डिझेल?"

हे म्हणाले, "आपली कोणती आहे?"

"माझी कोणती आहे ते मला ठाऊक आहे. आपल्याला कोणती हवीय?"

हे मोहित्यांकडे बघायला लागले. मोहित्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात दामले खोकले. दहा मिनिटांत प्राचार्यांच्या दिवाणखान्यात आमच्या गॅलरीतलं सगळं भांडण सुरू झालं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून दार उघडलं.

"आपलं ठरलेलं नाही. ठरल्यावर या. आणि येताना एकमत घेऊन या."

गाडीवरचं कव्हरसुद्धा काढून दाखवलं नाही! विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला नापास केल्याचं मी तरी पुण्यातच बघितलं.

खाली उतरताना मी त्या झाकलेल्या गाडीकडे बघत राहिले. कव्हरखाली तिचा नुसता आकार दिसत होता. हे म्हणाले, "चल गं, काय बघतेस?" काय सांगणार? मला ती आमच्या अंगणात, फणसाखाली उभी दिसत होती.

* * *

तीन वर्षं झाल्यावर तन्मयीचा धीर सुटला. "काका, धिस इज टोटली एक्झॉस्टिंग! मी शीट करते, मार्क्स देऊ, जे जास्त येईल ते फायनल."

लॅपटॉप गॅलरीत आला. चढाची ताकद, मायलेज, देखभाल, आवाज, आयुष्य, सगळ्याला दहापैकी गुण. दामले शिक्षक, ते अर्धा गुणही सहजासहजी सोडेनात. मोहिते म्हणाले, "इंजिनाला गुण देताय की दहावीच्या पोराला?" दोन रविवार गेले. शेवटी बेरीज झाली. दोन्हीला सारखे गुण!

"पुनर्तपासणी," दामले म्हणाले.

तन्मयीने एक रिकामा कॉलम दाखवला. "हा काकूंचा ठेवला होता. काकू, तुम्ही अशा गाडीत कधी बसलायत का?"

मी बसले नव्हते. कुणी बसवलंच नव्हतं!

सोसायटीत एकांची तशी गाडी होती. खाली गेलो, त्यांनी दार उघडून दिलं. मी पाय उचलला. गुडघा निम्म्यावर थांबला. गाडीचा तळ त्याच्याही वर! पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तीन वर्षं इंजिनावर इंजिनं तपासली आणि ज्या बाईसाठी गाडी घ्यायची तिला तिच्यात चढताच येत नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं! मोहिते चपलांकडे बघत होते. मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

हे वर गेले आणि आमच्या लग्नातला पाट घेऊन आले. तो दाराखाली ठेवला, माझा हात धरला. "आता ठेव पाय."

चढले!

त्या दिवसापासून गाडी बघायला निघालो की पाट बरोबर. कात्रजला एकाने तो पाट बघून हात जोडले. "काका, गाडी पसंत तरी करा, मग पूजा!"

* * *

लोणी काळभोरची गाडी अजून माझ्या स्वप्नात येते. मालक शेतकरी, सज्जन माणूस. गेल्या गेल्या गुळाचा चहा दिला, वर ताजी काकडी. गाडी डिझेल होती, पण आवाज एवढा बेताचा की दामल्यांनीही नाक मुरडलं नाही. त्यांनी मुंडी हलवलेली मी प्रथमच बघितली.

मी पाटावरून चढून पुढच्या सीटवर बसले. काय ते उंचावरून दिसतं! ऊस, कालवा, लांबवरचा रस्ता. मला वाटलं, अशीच बसेन, आणि शेवटच्या वळणावर आमचं कौलारू छप्पर आधी दिसेल, मग फणस, मग दादा.

तेवढ्यात ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे."

मालक हसले. "अवो सायेब, आत्ता मांजार उठून गेलं की हितनं! रोजची जागा हाय त्येची."

मोहिते दुखावले. "आम्हाला मांजर सांगता? चला!"

आम्ही फाटकापर्यंत आलो. मागे वळून बघते तर एक गलेलठ्ठ बोका कुठून तरी सावकाश आला, बॉनेटवर चढला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि ह्यांनी हात ठेवला होता बरोबर तिथंच अंगाचं वेटोळं करून झोपला.

मी म्हटलं, "अहो, बघा की मागे!"

ह्यांनी बघितलं. मोहित्यांनीही बघितलं. पण एकदा "चला" म्हटल्यावर परत कसं फिरायचं? पुण्याचे ना आपण! आठ दिवसांनी मी हट्टाने फोन करायला लावला. गाडी दुसऱ्या दिवशीच गेली होती. त्या रविवारी मी पोहे केले नाहीत. कारण कुणी विचारलं नाही.

* * *

दादाचा फोन गुरुवारी यायचा. वाडीत रेंज नाही. घरामागच्या खडकावर चढून उभं राहिलं की येते.

"घेतली का गं गाडी?"

"बघतोय रे दादा."

"बगा बगा. निवांत बगा."

एकदा धाप लागलेली वाटली. म्हटलं, "काय करतोयस?" तर म्हणे, "काय न्हाई, खडं उचलतोय." म्हातारपणी चाळा असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग एकदा विचारलं, "त्या गाडीची रुंदी किती असती गं?"

मी ह्यांना विचारलं. ह्यांनी मिलिमीटरमध्ये सांगितली.

दादा म्हणाला, "दाजींना म्हणावं, हाताच्या मापात सांगा."

गॅलरीत परिषद भरली. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात, असं धरून दामल्यांनी हिशेब केला. चार हात. मोहिते म्हणाले, "डिझेल असेल तर चार हात चार बोटं." त्यावरूनही वाजलं.

पुढच्या गुरुवारी विचारलं, "दार किती उंचावर असतं?" त्याच्या पुढच्या, "तू कंच्या अंगाला बसनार?"

"डावीकडे. का रे?"

"काय न्हाई. सहज."

हे म्हणाले, "दादांना जरा विस्मरण व्हायला लागलंय वाटतं. काहीही विचारतात." मलाही तसंच वाटलं. फोन ठेवला की मी उगीच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसायची. पुसलेलाच ओटा.

* * *

मागच्या थंडीत एका रविवारीच फोन आला. मंडळी बसलेली होती, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"शाले, म्हैस इकली गं."

दादाची म्हैस! मी म्हटलं, "का रे?"

"हात चालत न्हाईत आता. धार काढवत न्हाई."

"मग आता तरी ये की पुण्याला. आता तर म्हैसही नाही."

नुसता वारा ऐकू येत होता.

"उतार उतरवत न्हाई गं आता. ह्या खडकापातूर येतो काठी टेकत, तेवडंच. पर तू निवांत बग गाडी. घाई न्हाई."

फोन कट झाला. ह्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा अर्धे पोहे टाकून हे उठले.

"तन्मयी, धायरीला आणखी एक गाडी आहे म्हणालीस ना काल? फोन लाव त्यांना. आत्ता येतोय म्हणावं."

मोहित्यांनी विचारलं, "अहो पण, पेट्रोल की..."

"मोहिते, चप्पल घाला."

धायरीत गाडी फाटकातच उभी होती. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. ह्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले ते गाडीभोवती पूर्ण फेरी होईपर्यंत बाहेर काढलेच नाहीत! पाट ठेवला, मला चढवलं, विचारलं, "बसता येतंय नीट?" मी हो म्हटलं.

"घेतली," हे म्हणाले.

तुम्ही विचारणार, म्हणून सांगून टाकते. पेट्रोल होती. मोहिते दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते पेढे घेऊन, आणि म्हणाले, "वर जाताना मी मागे बसणार. कुठे अडकली तर ढकलायला डिझेलचा माणूस लागेल!"

* * *

निघालो. हे गाडी चालवत, मी डावीकडे पाट मांडीवर घेऊन, मागे मोहिते आणि दामले. दादाला काही कळवलं नव्हतं. रेंज कधी असते कधी नाही.

खालचं गाव आलं. डांबरी संपली. ह्यांनी गाडी थांबवून घाम पुसला. चारी चाकांना ताकद देणारा तो छोटा दांडा कसा ओढायचा, याची घरी दोन आठवडे तालीम झाली होती.

"आता टाका!" मोहिते म्हणाले.

"थांबा हो," दामले म्हणाले. "खड्डा तर येऊ दे."

खड्डा आला नाही. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. जिथे माझा पाय नेहमी मुरगळायचा त्या ओहोळावर सपाट फरशा बसवलेल्या. कडेला दगडांची ओळ, एकावर एक नीट रचलेली. उतरत्या बाजूला पाणी जायला चर. रुंदी मी डोळ्यांनीच मोजली. चार हात. कदाचित चार बोटं जास्त.

ह्यांचा हात त्या दांड्यावर होता, पण तो दांडा काही हलला नाही.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक साधी स्कूटर! पुढे गॅसची टाकी, मागे बायको. आम्हाला मागे टाकून निघालीसुद्धा! ह्यांनी हाक मारून थांबवलं.

"अहो, हा रस्ता कुणी केला?"

"कुनी म्हंजी? वरल्या घरातल्या आबांनी. सहा वर्सं खडं येचत हुतं. गेल्या दिवाळीला पुरा झाला." आणि मग आमच्या गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "भनीची गाडी यायची हाय म्हनं. तुमीच का त्ये?"

स्कूटर गेली. मागच्या सीटवर एक डिझेल आणि एक पेट्रोल, दोघंही गप्प. हे नाक ओढत होते. मला समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं, पण छप्पर आधी दिसलं आणि मग फणस.

अंगणात रस्ता संपला तिथंच गाडी थांबली. मी पाट खाली ठेवायला दार उघडलं, तर दाराखाली दगडाचा ओटा. डाव्या अंगाला. माझ्या पावलाच्या उंचीला. मी पाट तसाच मांडीवरून बाजूला सरकवला आणि उतरले.

दादा पडवीतून काठी टेकत आला. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि गाडीसमोर गेला. काठी काखेत धरली आणि दोन्ही तळहात बॉनेटवर ठेवले. ठेवले ते काढलेच नाहीत.

"गरम हाय," तो म्हणाला.

'चला' कुणी म्हणालं नाही.